कझाकस्तान रेल्वेनं: चौदा दिवसांची मुभा आणि न संपणारं माळरान

जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात व्हिसाशिवाय १४ दिवस राहता येतं. हे कळल्यावर आधी खूश झाले, मग नकाशा उघडला. जवळजवळ नऊ महाराष्ट्र मावतील एवढी जमीन आणि माणसं सगळी मिळून दोन कोटी. दोन आठवड्यांत यातलं बघायचं काय आणि सोडायचं काय? मराठीत शोधलं तर अल्माटीच्या बर्फातले फोटो, पाच दिवसांची पॅकेजं आणि एमबीबीएस प्रवेशाच्या जाहिराती मिळाल्या. पाठीवर बॅग घेऊन, रेल्वेच्या साध्या डब्यातून, एकट्या बाईनं फिरायचं तर काय करावं लागतं, हे काही सापडेना. सप्टेंबर २०२४ मध्ये मी तसं फिरून आले. जे जसं घडलं ते त्याच क्रमानं लिहिते. भाव तेव्हाचे आहेत. एका रुपयाला साधारण पावणेसहा टेंगे पडत होते.

आधी मुभेचे नियम, कारण सगळं गणित त्यावर बसवावं लागतं. १४ दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस. उतरलात तो दिवस पहिला, मग रात्री अकराला उतरलात तरी. १८० दिवसांत सगळे मुक्काम मिळून ४२ दिवसांच्या वर जायचं नाही. अर्ज नाही, फी नाही, विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसतो. पण एक कलम लोकांना माहीत नसतं: परदेशी पाहुणा ज्याच्याकडे उतरतो त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत तसं सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं. हॉटेल-हॉस्टेलवाले पासपोर्टचा फोटो घेऊन हे करून टाकतात. तरी पहिल्याच दिवशी तोंडानं विचारून घ्यावं, संकोच करू नये.

मी इचलकरंजीत सुताच्या पेढीवर हिशेब बघते. दिवाळीच्या तोंडावर रजा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून घरचे गणपती गौरीबरोबर १२ सप्टेंबरला पोचवले आणि त्याच रात्री पुण्याची बस धरली. १३ला दिल्ली, १४ला अल्माटी. दिल्ली–अल्माटी थेट विमान, जाऊन-येऊन २९ हजार रुपये. टेंगे आपल्याकडे मिळत नाहीत. बँकेतून सहाशे डॉलर घेतले होते, शक्यतो नव्या, घडी न पडलेल्या नोटा. शिवाय एक फॉरेक्स कार्ड. बॅग दहा किलोच्या आत बसवली, त्यात दोन किलो नुसतं भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. मी शाकाहारी आहे, अंडं खाते. आईला मी कुठे चालले आहे हे नीटसं कळलं नव्हतं, पण चटणी तिनंच बांधून दिली.

दिल्लीत चेक-इनला अर्धा तास गेला. काउंटरवरच्या मुलीनं व्हिसा मागितला. लागत नाही म्हटल्यावर तिनं वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं, मग परतीचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग आणि विमा असं एकेक बघितलं. तिन्ही कागद छापून हातात ठेवा. फोनमधले चालतात, पण रांगेत मागचा माणूस सुस्कारे टाकत असताना फोन हमखास अडकतो.

अल्माटीला संध्याकाळी उतरलो. आंतरराष्ट्रीय टर्मिनल त्याच वर्षी सुरू झालेलं, चकचकीत. इमिग्रेशनला पाऊण तास रांग होती. माझी पाळी आली तर अधिकाऱ्यानं एकच शब्द विचारला, "तुरिस्त?" मी मान हलवली, शिक्का बसला. महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती ते अर्ध्या मिनिटात उरकलं. बाहेर टॅक्सीवाले अंगावर येतात. त्यांच्या भावाला आणि अॅपवरच्या भावाला काही नातं नाही. यांडेक्स गो हे अॅप भारतातूनच घालून जा आणि विमानतळाच्या वायफायवर गाडी बोलवा. नकाशासाठी टूजीआयएस. त्यात इमारतीचं नेमकं दार कोणत्या बाजूला आहे तेही दिसतं, आणि नेटशिवाय चालतं.

घड्याळाचं एक सांगायला हवं. १ मार्च २०२४ पासून अख्ख्या देशाला एकच वेळ लावली आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. अल्माटी देशाच्या पूर्वेला असल्यामुळे तिथे सप्टेंबरात सहा-सव्वासहालाच तिन्हीसांजा होतात. तिथले लोक तेव्हाही त्यावर कुरकुरत होते. आपल्याला काय, आपण उजाडल्याबरोबर बाहेर पडायचं.

१५ तारखेचा अख्खा दिवस मी कामांसाठी ठेवला होता आणि तो सत्कारणी लागला. डॉलर मोडायचे तर विमानतळापेक्षा शहरातल्या छोट्या खिडक्यांवर भाव बरा. बाहेरच पाटीवर खरेदी-विक्रीचा दर लावलेला असतो, दोन्हींत फरक अगदी थोडा. सिमकार्डला पासपोर्ट लागतो; दुकानातल्या पोरानं माझ्या फोनचीही नोंदणी करून दिली. शहरात कार्ड सगळीकडे चालतं, पण लहान दुकानदार, बाजारातल्या बाया, गावातले ड्रायव्हर सगळे 'कास्पी' मागतात. तो तिथल्या एका बँकेचा क्यूआर आहे, आणि तिथलं खातं नसलं की आपल्या उपयोगाचा नाही. त्यामुळे हजार-दोन हजारांच्या सुट्ट्या नोटा कायम जवळ हव्यात.

मग मुख्य काम, रेल्वेची तिकिटं. वेबसाइटवर गाड्या आणि रिकाम्या जागा व्यवस्थित दिसतात, पण माझं कार्ड पैसे भरताना दर वेळी नाकारलं जात होतं. म्हणून सरळ अल्माटी-२ स्टेशन गाठलं. शहरात दोन मोठी स्टेशनं आहेत: अल्माटी-२ मध्यावर, अल्माटी-१ उत्तरेला लांब. आपली गाडी कुठून सुटते ते तिकिटावर दोनदा वाचा, कारण दोन्हींच्या मध्ये शहराची सगळी वाहतूक उभी असते. खिडकीवर इंग्रजी चालत नव्हतं. हॉस्टेलवरच्या मुलीकडून रशियनमध्ये एका कागदावर कुठून कुठे, तारीख, 'प्लात्सकार्त' (उघडा साधा डबा) आणि 'खालची जागा' असं लिहून घेतलं होतं. तो कागद आणि पासपोर्ट काचेखालून सरकवला. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं.

मला अल्माटी ते तुर्किस्तान (हे शहराचं नाव), तुर्किस्तान ते आटलेल्या समुद्राकाठचं अराल आणि अरालहून परत अल्माटी अशी तीन तिकिटं हवी होती. पहिली दोन मिळाली, तिसऱ्याला खिडकीतल्या बाईंनी मान हलवली. अराल हे मधलं स्टेशन. गाड्या पश्चिमेकडून, पार कॅस्पियनच्या बाजूनं भरून येतात आणि मध्ये चढणाऱ्यांना उरल्यासुरल्या जागा. मी २४ म्हटलं, मग २५. अखेर बाईंनीच स्क्रीन माझ्याकडे वळवली: २३ सप्टेंबर, वरचा बाजूचा बर्थ. घेतला. मग उलटं मोजत आले. २३ला अराल सोडायचं, म्हणजे २१ला पोचायचं, म्हणजे तुर्किस्तानला एकच रात्र. राजधानी अस्ताना त्याच क्षणी यादीतून गेलं. या देशात फिरायचं तर परतीचं रेल्वे तिकीट सगळ्यात आधी काढावं आणि बाकीचा बेत त्याच्या मागे लावावा. तिन्ही तिकिटांचे मिळून साडेवीस हजार टेंगे झाले, म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर.

दुपारी ग्रीन बाजार. शाकाहारी माणसानं इथे कोरियन सॅलडच्या गाड्यांसमोर उभं राहावं. १९३७ मध्ये स्टालिननं सोव्हिएत पूर्वेकडच्या कोरियन लोकांना आगगाड्यांत भरून मध्य आशियात आणून टाकलं; त्यांच्या नातवंडांच्या हातचं गाजर, वांगं, कोबी, सोयाच्या वड्या, सगळं तिखट-आंबट. कझाक जेवण म्हणजे मांस: घोड्याचं, मेंढीचं, गाईचं. 'एत जेमेइमिन', मी मांस खात नाही, एवढं पाठ करून जा. त्यानंतरही रस्सा मांसाचाच येऊ शकतो. भोपळ्याचे मांती (वाफवलेल्या करंज्या), भोपळ्याचा सामसा (भाजलेला समोसा), गव्हाची रोटी, अंडी, मध, चहा यावर माझं भागलं. पोट कधी रिकामं राहिलं नाही, जीभ मात्र कंटाळली.

१६ ते १८ डोंगरांकडे गेले, साती गावाला. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळे तिकडेच जातात आणि माहिती भरपूर आहे. हॉस्टेलमधल्या चौघांनी मिळून गाडी केली, डोईमागे अठरा हजार टेंगे. घरगुती मुक्काम दोन जेवणांसह दहा हजार. कोलसाईच्या पहिल्या तळ्यापर्यंत गाडी जाते, दुसऱ्यापर्यंत आठेक किलोमीटर चढ आहे, तिसरं किर्गिझ सीमेजवळ असल्यानं वेगळी परवानगी लागते. काइंदी तळं १९११च्या भूकंपात दरड कोसळून तयार झालं. बुडालेल्या सूचिपर्णी झाडांचे शेंडे अजून पाण्यातून सरळ वर उभे आहेत. परतताना चारिन दरी. दुपारी बारानंतर तिथे सावलीचा टिपूस नसतो, दीड लिटर पाणी घ्या.

आणि १८च्या रात्री प्लात्सकार्त.

हा उघडा डबा. आपल्या स्लीपरसारखीच रचना, फक्त आत सहाऐवजी चार, वाटेपलीकडे बाजूला दोन. आपल्याला त्यात नवखं काही वाटत नाही. युरोपातून आलेली मुलं बावरलेली दिसत होती, मी सवयीनं साइड अप्परवर चढले. पण शिस्त वेगळी. डब्याच्या दाराशी गणवेशातली बाई पासपोर्ट आणि तिकीट ताडून बघते, तेव्हाच आत घेते. गादीची वळकटी वर असते, धुतलेल्या चादरी, अभ्रा, टॉवेल मिळतो. उतरण्याआधी चादरी घडी करून परत द्यायच्या. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब अहोरात्र चालू. जुन्या डब्यात मोठं स्टेशन यायच्या आधी संडासाला कुलूप लागतं आणि गाडी सुटल्यावर उघडतं, हे लक्षात ठेवून चहा प्यावा. बुटांऐवजी घालायला चपला हव्यात, सगळे डब्यात शिरताच चपला घालतात.

पहिला तासभर मला कोणी काही बोललं नाही आणि मीही बॅग पोटाशी धरून बसले होते. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. मग खालच्या बर्थवरच्या आजीनं टेबलावर फडकं पसरलं, रोटी, टोमॅटो, उकडलेली अंडी मांडली आणि मला हातानं खाली बोलावलं. मी भडंग काढलं. आजीनं एक चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, पाणी प्यायली आणि पुन्हा हात पुढे केला. फोनवरच्या भाषांतरातून प्रश्न सुरू झाले: नवरा कुठे आहे, मुलं किती, पगार किती, एकटी का? यात आगाऊपणा नाही, हा तिथला नमस्कार आहे. मी त्यांना 'आपा' म्हणत होते, वयानं मोठ्या बाईला तसंच म्हणतात. समोरच्या काकांना राज कपूर आणि मिथुन दोघेही माहीत होते. मिथुनबद्दल त्यांना माझ्यापेक्षा बरंच जास्त ठाऊक होतं. झोपताना आपांनी माझे बूट स्वतःच्या बर्थखाली आत सरकवून ठेवले.

१९च्या दुपारी तुर्किस्तान. होजा अहमद यासावी या बाराव्या शतकातल्या सूफी संताची कबर इथे आहे. त्यावरची इमारत तैमूरनं १३८९च्या सुमारास बांधायला घेतली, आणि १४०५ मध्ये तो मेला तेव्हा काम जिथं होतं तिथं थांबलं. मागची बाजू निळ्या फरशांनी झळकते, पुढच्या कमानीला मात्र गिलावासुद्धा नाही. बांधकामाच्या लाकडी वाशांची टोकं सहाशे वर्षं तशीच भिंतीबाहेर आहेत. मला ती अर्धवट बाजूच जास्त आवडली. आत दोन टनांची एक काशाची कढई आहे, भाविकांना पाणी देण्यासाठी १३९९ मध्ये ओतलेली. १९३५ मध्ये ती लेनिनग्राडच्या संग्रहालयात नेली आणि १९८९ मध्ये परत आणली. देशभरातून म्हाताऱ्या बाया पांढरे रुमाल बांधून आलेल्या. बाहेर बाकावर बसून गाठोडं सोडून खातात, येणाऱ्याजाणाऱ्याला देतात. डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवा. समाधीच्या समोरच कालवा आणि दुकानांचं एक नवं भव्य पर्यटन-संकुल उठवलंय. ते मी बाहेरूनच पाहिलं, मला त्यात रस नव्हता.

२०च्या रात्री अरालची गाडी. हा जुना ओरेनबर्ग–ताश्कंद लोहमार्ग, १९०६चा. आपण तुर्किस्तानहून वायव्येला निघतो, सीर दर्या नदी बरोबर येत राहते. मी पहाटे चारचा गजर लावला होता, तोरेताम स्टेशनासाठी. बैकोनूरचं अंतराळतळ याच भागात, रशियाला भाड्यानं दिलेलं. पहिला स्पुटनिक इथून गेला, गागारिन इथून गेला, आणि ३ एप्रिल १९८४ला सोयूझ टी-११ मधून राकेश शर्मा इथूनच गेले. आत जायचं तर कित्येक आठवडे आधी अर्ज आणि सहलीचे भरमसाट पैसे; ते माझ्या हिशेबात बसणारं नव्हतं. गाडी काही मिनिटं थांबली. फलाटावर एक शिपाई, दोन बोचकी घेऊन चढणारं कुटुंब, लांबवर दिव्यांची ओळ. बस, एवढंच. तरी मी काचेला नाक लावून उभी होते. शाळेत 'सारे जहाँ से अच्छा'वाला किस्सा ऐकलेल्या माणसाचं असं होणारच.

उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हतं. डोंगर तर सोडाच, झाड नाही, कुंपण नाही. पिवळटलेलं बुटकं गवत, मध्येच मिठाचा पांढरा चट्टा, मध्येच दोन वशिंडांचे उंट. तासभर पाहिलं, चहा केला, परत येऊन पाहिलं तर तेच. पहिल्या दिवशी कंटाळा आला. परतीच्या प्रवासात मात्र मला त्यातले फरक दिसायला लागले होते: कुठे गवत दाट, कुठे गाळाची जमीन, कुठे कबरींचे मातीचे घुमट.

अराल शहर मुख्यतः रेल्वे आणि मासेमारीवर वाढलं. स्टेशनात शिरताच भिंतीवर मोझेक चित्र आहे: १९२१च्या दुष्काळात लेनिननं इथल्या कोळ्यांना पत्र लिहून मासे मागितले आणि त्यांनी चौदा वाघिणी भरून मासे पाठवले, ती गोष्ट. बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की बंदर लागतं. याऱ्या आहेत, धक्का आहे, पाणी नाही. कधीकाळी इथला अराल समुद्र म्हणजे जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव. साठच्या दशकापासून सीर दर्या आणि आमू दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांनी वळवलं, मुख्यतः कापसासाठी. समुद्र मागे सरत सरत या शहरापासून शंभरेक किलोमीटर लांब गेला. माझं गाव कापसाच्या सुतावर उभं आहे. आमच्या पेढीवर उझबेक कापसाचे भाव कोणीतरी रोज बघतंच. त्या धक्क्यावर उभं राहून मला वाईट वाटलं असं सरसकट म्हणता येणार नाही. आपण ज्या आकड्यांवर पोट भरतो त्यांच्या मागच्या बाजूला येऊन उभे आहोत, असं काहीसं वाटलं, आणि ते वाटणं दिवसभर गेलं नाही.

मुक्काम एका घरगुती गेस्टहाऊसमध्ये, रात्रीचे सात हजार टेंगे. मालकीणबाईंनी पासपोर्टचा फोटो घेतला आणि संध्याकाळी नोंद झाल्याचं फोनवर दाखवलंही. समुद्रापर्यंत जायला जीपच लागते, रस्ता असा नाहीच. ड्रायव्हरनं गाडीचे सत्तर हजार सांगितले. मी एकटीनं देणं शक्य नव्हतं, म्हणून मालकीणबाईंना म्हटलं, आणखी कोणी येतंय का बघा. रात्री नऊला दोन पोलिश विद्यार्थी उगवले. साठ हजारांवर तुटलं, डोईमागे वीस. अरालला पोचल्याबरोबर आपल्याला वाटणी हवी आहे हे दोन-तीन ठिकाणी सांगून ठेवावं. शहर एवढं लहान आहे की निरोप फिरतो.

२२ तारखेला सकाळी सातला निघालो. पूर्वीच्या समुद्रतळावरून तीन तास. शंखशिंपले पायाखाली करकरतात, वाऱ्याबरोबर खारट धूळ नाकातोंडात जाते. तोंडाला बांधायला फडकं हवंच. वाटेत झालानाश गाव, जिथली वाळूतली जहाजं जगभर फोटोंतून गाजली. आता तिथे जहाजं जवळपास उरलेली नाहीत, लोकांनी कापून भंगारात घातली. पोलिश मुलं हिरमुसली. ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले (फोनमधून), "लोखंडाला भाव होता, आम्हाला काम नव्हतं."

मग तास्तुबेक गावाजवळ पाणी दिसलं. २००५ मध्ये कोक-अराल धरण पूर्ण झालं, जागतिक बँकेच्या पैशाची मदत होती. सीर दर्याचं पाणी दक्षिणेला वाहून वाया जायचं, ते बांधानं उत्तरेच्या लहान भागात अडवलं. पातळी चढली, खारटपणा उतरला. मधल्या खारट वर्षांत इथे फक्त बाहेरून आणून सोडलेला चपटा मासा तग धरून होता. धरणानंतर गोड्या पाण्यातले मासे नदीतून परत आले. किनाऱ्यावर होड्या, जाळी, माशांचे क्रेट भरणारी माणसं होती. मी पाय बुडवले, पाणी चाखलं. कोकणच्या समुद्राच्या मानानं मचूळ म्हणावं एवढंच. दक्षिणेचा, उझबेकिस्तानकडचा मोठा भाग मात्र आटलेलाच आहे, तो परत येण्याची चिन्हं नाहीत. ड्रायव्हरदादांच्या घरी दुपारचा चहा झाला. मला मासा चालत नाही म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं कुर्त नावाचे सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे मूठभर पिशवीत घालून दिले. चव कळायला वेळ लागतो. मला तिसऱ्या गोळ्याला कळली.

२३च्या दुपारी परतीची गाडी. दीड हजार किलोमीटरच्या वर, तीस तास. मासे विकणाऱ्या बाया डब्यात चढल्या, धुरी दिलेल्या माशांचा वास वाटेतल्या किझिलोर्दा शहरापर्यंत साथीला होता. या वेळी शेजारी एक शिक्षिका आणि तेलाच्या खाणीवरून रजेवर निघालेला तरुण. ६ ऑक्टोबरला अणुवीज प्रकल्पावर सार्वमत होणार होतं आणि डब्यात त्यावर जोरात वाद चालू होता. शिक्षिकेचं म्हणणं, सेमिपलातिन्स्कला सोव्हिएत काळात अणुचाचण्या झाल्या, त्याचे भोग लोक अजून भोगतायत. तरुणाचं म्हणणं, हिवाळ्यात वीज जाते तेव्हा काय करायचं? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी जैतापूरचं सांगितलं, तिथेही लोकांनी असंच विचारलं होतं म्हटलं. भाषांतराच्या अॅपनं त्याचं काय केलं देव जाणे, पण शिक्षिकेनं मला टरबुजाची मोठी फोड दिली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र पाठ आखडली, पुस्तक संपलं, फोन उतरला. बाजूच्या बर्थजवळ चार्जिंगचं बटण असेलच असं नाही. पॉवर बँक भरून घ्या.

२४च्या रात्री अल्माटी. २५ला फक्त झोप, कपडे धुणं आणि थोडी खरेदी. २६ला विमान. मुभा २७पर्यंत होती. एक दिवस मुद्दाम शिल्लक ठेवला होता, कारण गाडी रखडली किंवा विमान पुढे गेलं तर मुदत उलटल्याचा दंड आपल्याच गळ्यात येतो. जाताना अधिकाऱ्यानं येतानाचा शिक्का बघून बोटांवर मोजलं, मला एकदा वरखाली न्याहाळलं आणि दुसरा शिक्का मारला. हॉस्टेलच्या नोंदीबद्दल काही विचारलं नाही, पण सगळ्या पावत्या मी हातात धरूनच उभी होते.

खर्चाचा मेळ: इचलकरंजीहून निघून परत येईपर्यंत ७७ हजार रुपयांच्या आसपास. त्यात विमान २९ आणि दिल्लीपर्यंत जाणं-येणं आठ. बाकीचे चाळीस हजार तिथे राहणं, खाणं, जीप, रेल्वे आणि विमा. दोघी-तिघी असाल तर जीप आणि टॅक्सीत बरेच वाचतील. सप्टेंबर चांगला, जुलैत अरालकडे ऊन चाळिशीला टेकतं आणि डब्यात एसी असेलच असं नाही, जानेवारीत उणे वीस. मे महिन्यात माळरान हिरवं असतं म्हणतात, ट्युलिप फुलतात.

उरलेले टेंगे परत आणून उपयोग नव्हता, म्हणून चॉकलेटं आणि अर्धा किलो कुर्त घेतला. सोमवारी पेढीवर डबा फिरवला. चॉकलेटं पाच मिनिटांत संपली. कुर्तचा गोळा आमच्या अण्णांनी उजेडात धरून बघितला, दातानं टोकरला आणि विचारलं, "तुरटी हाय काय गं ही?"